‘ब्र’च्या पुढचे अक्षर : ऐकणाऱ्या बाईची कादंबरी

१

मराठीत ‘ब्र’ हा शब्द बहुधा नकारातच येतो. ‘एवढे सोसले, पण तिने ब्रसुद्धा काढला नाही’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यात कौतुकाचा सूर असतो. धमकीतही तो सापडतो : ‘खबरदार ब्र काढलास तर!’ पण ‘तिने ब्र काढला’ असे साधे, होकारार्थी वाक्य बोलण्यात क्वचितच ऐकू येते. ब्र हा पुरता शब्दही नव्हे; ते तोंडातून निसटलेले एक जोडाक्षर आहे. बाईने तेवढेही उच्चारू नये, अशी अपेक्षा या वाक्प्रचारात मुरलेली आहे.

कविता महाजन यांनी २००५ साली आपल्या पहिल्या कादंबरीला हे एकाक्षरी नाव दिले. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी स्त्रिया आणि त्यांचे अनुभव गोळा करीत हिंडणारी, संसारातून बाहेर फेकली गेलेली प्रफुल्ला ही या कादंबरीची माणसे. नांदेडला १९६७ साली जन्मलेल्या कविता महाजन अनेक वर्षे वसईत राहिल्या. २७ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ब्र’ आली तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. समुद्राकडे वाड्या, बागा आणि वाढते शहर. रेल्वे ओलांडून पूर्वेकडे गेले की डोंगर, जंगल आणि आदिवासी पाडे. या दोन जगांमध्ये अंतर थोडे आणि ओळख त्याहून थोडी. ‘ब्र’ची लेखिका अशा ठिकाणी राहत होती, हे ध्यानात ठेवून ही कादंबरी वाचली, तर तिच्यातला एक प्रश्न अधिक टोचतो.

‘ब्र’विषयी आजवर बरेच लिहिले गेले आहे. स्वयंसेवी संस्थांचे आतले जग दाखवणारी कादंबरी, आदिवासी स्त्रीच्या राजकीय जागृतीची कादंबरी, स्त्रीवादी कादंबरी अशी तिची वर्णने झाली. ती चुकीची नाहीत. पण समकालीन मराठी कथात्म साहित्यात स्त्री आपली ओळख कशी घडवते, याचा विचार करताना ‘ब्र’चे वेगळेपण मला दुसरीकडे जाणवते. आपल्या बऱ्याचशा स्त्रीकेंद्री कथा-कादंबऱ्यांमध्ये नायिका बोलू लागते, तेव्हा तिला स्वत्व सापडते. ‘ब्र’मधली प्रफुल्ला ऐकू लागते, तेव्हा ते तिला सापडू लागते. प्रस्तुत लेखात या ऐकण्याचा आणि त्याच्या मर्यादेचा विचार करायचा आहे.

२

प्रथम परंपरेकडे पाहू. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून वाद घातला तो थेट पुरुषांशी. कथात्म साहित्यात या वादाचे रणांगण पुढे दीर्घकाळ घर हेच राहिले. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा गदारोळ उठला. त्यातल्या शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींची घुसमट घराच्या आतली होती आणि ती घराबाहेर ऐकू गेली, हाच गुन्हा मानला गेला. पुढच्याच वर्षीच्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्यापासून वेगळी झालेली नायिका लग्नाच्या चौकटीबाहेर प्रेमाचा आणि मातृत्वाचा विचार करते. त्या काळाच्या मानाने हे धाडस मोठे होते. पण तिच्यापुढचा प्रश्नही घराचाच होता : कोणाचे घर, कोणत्या अटीवर?

गौरी देशपांडे यांच्या नायिकांनी ‘एकेक पान गळावया’पासून हा प्रश्न जगाच्या नकाशावर नेला. त्या देशोदेशी राहतात, इंग्रजी-मराठीत विचार करतात, पुरुषावर प्रेम करतात आणि त्याच्यापासून अंतरही राखतात. सानिया यांच्या स्त्रिया नात्यातला आपला अवकाश शांतपणे मोजून घेतात. कमल देसाई यांच्या ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’मध्ये तर वास्तवाची चौकटच मोडली जाते. ‘ब्र’ आली त्याच २००५ साली मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ही आली. लग्नातल्या वचनाचा शब्द शीर्षकात घेऊन त्या कादंबरीतली घटस्फोटित नायिका त्या वचनाचीच उलटतपासणी करते. शरीर, एकटेपणा, स्वतःचे घर या गोष्टी मराठीत इतक्या थेटपणे क्वचितच मांडल्या गेल्या होत्या.

या सगळ्या लेखनाने मराठी वाचकाला खूप काही दिले आहे. मात्र यातल्या बहुतेक नायिकांना एक गोष्ट जन्मतःच मिळालेली असते. ती म्हणजे भाषा. घुसमट कितीही मोठी असो, तिला शब्द द्यायला प्रमाण मराठी, पुस्तके, पत्रे, मैत्रिणी हाताशी असतात. त्यांना ब्र काढायची बंदी असते, पण ब्रच्या पुढचे वाक्य कसे रचायचे हे त्यांना ठाऊक असते.

३

दलित लेखिकांनी या गृहीताला धक्का दिला. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, ऊर्मिला पवार यांच्या कथा आणि ‘आयदान’ यांनी घर या शब्दाचाच अर्थ बदलला. घर म्हणजे वस्ती, आणि वस्तीबाहेर जातीची भिंत. तेव्हा बाईचा झगडा दाराच्या आत जितका, तितकाच दाराबाहेर. पण इथे सांगणारी बाई त्या जगातलीच होती.

ज्या जगात आपण जन्मलो नाही त्या जगात जाऊन, तिथल्या बायांविषयी लिहिणाऱ्या लेखिकेपुढे निराळाच प्रश्न असतो. ही वाट मराठीत अरुंद आहे, पण जुनी आहे. ज्या विभावरी शिरूरकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले, त्यांनीच १९५० साली ‘बळी’ लिहिली. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी काम केले होते. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवलेली माणसे तारेच्या कुंपणात कशी जगतात, ते त्यांनी जवळून पाहिले आणि कादंबरीत मांडले. मात्र ते मांडताना त्या स्वतः बाजूला राहिल्या. तारेच्या आत जाणारी आणि संध्याकाळी बाहेर पडू शकणारी मध्यमवर्गीय अधिकारी बाई हा ‘बळी’चा विषय नव्हता. तिची नजर कादंबरीभर आहे. पण त्या नजरेचीच तपासणी व्हावी, असा काळ तो नव्हता.

दुसरे नाव गोदावरी परुळेकर यांचे, आणि ते आपल्याच जिल्ह्यातले. १९४५ पासून तलासरी, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याचे नेतृत्व करताना आलेले अनुभव त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात सांगितले. ही कादंबरी नव्हे, पण ‘ब्र’कडे येताना ती ओलांडून येता येत नाही. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा ‘लग्नगडी’ आणि त्याच्याबरोबर आपोआप बांधली जाणारी त्याची बायको या पुस्तकातून मराठी वाचकाला प्रथम नीट भेटली. पाड्यावर राहून, तिथले खाऊन, लोकांची भाषा शिकत शिकत लेखिका बदलत जाते, आणि ते बदलणे ती लपवत नाही. तरी तिच्यामागे लाल झेंड्याची खात्री होती. आपण इथे कशासाठी आलो, हे तिला ठाऊक होते.

प्रफुल्लाला ते ठाऊक नाही. ‘ब्र’ला वळण मिळते ते इथे.

४

‘ब्र’च्या मागे एक कायदा उभा आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींमधल्या किमान एक तृतीयांश जागा व सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. पुढे २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. कागदावर हे मोठे परिवर्तन होते. ज्या बाईने कधी चारचौघांत खुर्चीवर बसून पाहिले नव्हते, तिच्यासाठी गावातली सर्वांत मोठी खुर्ची राखून ठेवली गेली. पण खुर्चीबरोबर आवाज राखून ठेवण्याची सोय कोणत्याही कायद्यात नसते. सह्या नवरा करून घेणार, हिशेब ग्रामसेवकाकडे राहणार, सभेत दीर बोलणार आणि बाई डोक्यावरचा पदर सावरत सतरंजीवर बसणार, हे चित्र महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले. ‘सरपंचपती’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. गावागावांत मात्र तो पदासारखा चालतो. आणि एखादी बाई खरोखरच कारभार पाहू लागली, तर अविश्वासाचा ठराव तयार असतो. स्त्री-सरपंचाला त्या ठरावाने हटवायचे तर तीन चतुर्थांश बहुमत लागेल, अशी तरतूद पुढे कायद्यात करावी लागली, यावरूनच हे हत्यार किती सहज उपसले जात होते ते कळते.

प्रफुल्ला या बायांना भेटायला जाते ती एका स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती म्हणून. ती कोणी क्रांतिकारक नव्हे. तिचा संसार मोडला आहे, मुलगा नवऱ्याकडे राहिला आहे, आणि पोटापाण्यासाठी काहीतरी करणे भाग आहे. कादंबरीचे निवेदन तिच्याच तोंडून होते. घरात जिचा शब्द कधी मोजला गेला नाही, तिला इतर बायांचे शब्द टिपून आणण्याचे काम मिळते. हा योगायोग वाटतो. पण कादंबरीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

कारण सरपंच बायांचे ऐकता ऐकता प्रफुल्लाला आपलाच संसार निराळा दिसू लागतो. खुर्ची बाईची, निर्णय दुसऱ्याचा. घर बाईचे म्हणायचे, मालकी दुसऱ्याची. ग्रामपंचायत आणि संसार या दोन ठिकाणी बाईला गप्प बसवण्याच्या रीती इतक्या सारख्या आहेत, की एकीकडची गोष्ट ऐकताना दुसरीकडची उलगडत जाते. चारित्र्यावर बोट ठेवणे हे त्यातले सर्वांत स्वस्त साधन. घरात तेच, गावात तेच, आणि संस्थेच्या कार्यालयातही तेच. ही तिसरी जागा कविता महाजन यांनी सोडली नाही, हे त्यांचे मोठे श्रेय. स्त्रियांच्या सबलीकरणावर प्रकल्प करणारी संस्था आपल्या कार्यकर्तीला मात्र हुकमाच्या ताब्यात ठेवते. निधी, अहवाल, नावलौकिक यांच्या राजकारणात तिची गळचेपी करते. घरातून सुटलेली बाई अशा दुसऱ्या घरात येऊन पडते. फरक इतकाच की इथे तिला पगार मिळतो.

म्हणून लिंगभूमिकांना विरोध म्हणजे उंबरठा ओलांडणे, हे आपले सोपे समीकरण ‘ब्र’मध्ये टिकत नाही. उंबरठा ओलांडून झाल्यावर कादंबरी सुरू होते. बाहेरही घरेच आहेत, फक्त त्यांना कार्यालय, चावडी, प्रकल्प अशी नावे आहेत.

मातृत्वाच्या बाबतीतही कादंबरी असेच करते. मूल दुरावलेली आई मराठी कथेत बहुधा दोन रूपांत दिसते : त्यागमूर्ती, नाहीतर निष्ठुर. प्रफुल्ला यातली कोणतीच नाही. मुलाची आठवण तिला सोडत नाही आणि ती कामही सोडत नाही. या दोन गोष्टींचा मेळ लेखिका घालून देत नाही. आई म्हणून ती अपुरी ठरते का, या प्रश्नाचा निकालही ती देत नाही. निकाल न देणे हा इथे पळपुटेपणा नाही. ‘आदर्श आई’ ही मोजपट्टीच बाजूला ठेवून पाहा, असे वाचकाला सांगण्याची ही रीत आहे.

५

‘ब्र’वर घेतला जाणारा एक आक्षेप असा की, ती कादंबरी कमी आणि अहवाल जास्त आहे. माहिती, मुलाखती, प्रसंग एकामागून एक येतात. कथानकाला बांधीव आकार मिळत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. सलग वाचताना काही ठिकाणी थकवा येतो, आणि काही बाया नीट ओळख व्हायच्या आतच नजरेआड होतात.

पण अहवाल हा ‘ब्र’चा केवळ दोष नाही, तो तिचा विषयही आहे. संस्थेला प्रफुल्लाकडून अहवालच हवा असतो : किती गावे, किती सरपंच, किती ‘यशोगाथा’. बाया मात्र सरळ उत्तरे देत नाहीत. पाण्याच्या टाकीविषयी विचारले तर त्या मेलेल्या लेकराविषयी बोलतात. कारभाराविषयी विचारले तर नवऱ्याच्या दारूविषयी. ही विषयांतरे नव्हेत. त्यांच्या आयुष्यात टाकी, लेकरू, दारू आणि पंचायत यांना वेगवेगळे रकाने नाहीत. ऐकणाऱ्या बाईला आधी हे रकाने पुसावे लागतात. जे अहवालात मावत नाही ते कादंबरीत येते, म्हणून कादंबरी फुगते, सैल होते, अडखळते.

भाषेचेही तसेच. प्रफुल्लाची मराठी शिकलेल्या, शहरी बाईची आहे. भेटणाऱ्या बायांची बोली निराळी. एका बोलीतले दुःख दुसऱ्या भाषेत लिहून घेताना काय निसटते, याची बोच लेखिकेला होती. वारली लोकगीतांचे संकलन करणाऱ्या, इस्मत चुगताई यांच्या कथा ‘रजई’ या नावाने मराठीत आणणाऱ्या आणि त्यासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणाऱ्या, ‘भारतीय लेखिका’ या मालिकेतून इतर भाषांतल्या स्त्रियांचे लेखन मराठी वाचकांपुढे मांडणाऱ्या लेखिकेची ही कादंबरी आहे. संकलन, अनुवाद, संपादन ही कामे आपण लेखकाच्या खात्यात दुय्यम म्हणून मांडतो. कविता महाजन यांच्या बाबतीत ती मूळ प्रवृत्तीची कामे आहेत. दुसऱ्या बाईचा आवाज आपल्या भाषेत आणताना तो आपला होऊ द्यायचा नाही, ही त्यांची धडपड सगळीकडे दिसते.

ती ‘ब्र’मध्ये पूर्णपणे साधली का? माझ्या मते, नाही. प्रफुल्लाचे आयुष्य आपल्याला सलग मिळते, सरपंच बायांचे तुकड्या-तुकड्यांत. आपण तिच्याबरोबर पाड्यावर जातो आणि तिच्याबरोबरच परत येतो. ती निघून गेल्यावर त्या बाईच्या दारात रात्री काय घडले, ते कळत नाही. बदल नीट घडतो तो ऐकणारीमध्ये. बोलणारीचे पुढे काय झाले हे मोकळेच राहते. एक परिघावरची बाई दुसऱ्या बाईच्या आत्मशोधाचे साधन होऊन बसते की काय, ही शंका वाचून झाल्यावरही राहते. ‘बळी’च्या मानाने ‘ब्र’ एक पाऊल पुढे आहे. कारण इथे पाहणारी बाई स्वतःही तपासाखाली येते. पण तपास तिच्यापाशी थांबतो, ही तिची मर्यादा. आदिवासी सरपंच बाईने स्वतः सांगितलेली ‘ब्र’ कशी असेल, हा प्रश्न ही कादंबरी उभा करते. त्याचे उत्तर तिच्याकडे नाही, आणि असणे शक्यही नव्हते.

२००७ सालच्या ‘भिन्न’मध्ये कविता महाजन याच अडचणीकडे दुसऱ्या बाजूने गेलेल्या दिसतात. विषय एचआयव्ही-एड्सचा. समाजाने ‘घरंदाज’ आणि ‘बाजारातल्या’ अशा दोन ढिगांत वाटलेल्या बाया इथे एकाच रांगेत येतात, कारण विषाणूला ही वाटणी कळत नाही. लग्नाच्या नात्यात निष्ठेने राहिलेल्या बाईलाही संसर्ग त्याच नात्यातून होतो. पातिव्रत्याने तिचे रक्षण होत नाही. ‘चांगली बाई’ या भूमिकेचा एवढा कठोर हिशेब मराठी कादंबरीत क्वचितच मांडला गेला असेल. ‘ब्र’मध्ये बाहेरून येऊन विचारणारी आणि उत्तर देणारी यांच्यात जी वही होती, ती इथे पातळ झाली आहे. पुढे ‘ठकी आणि मर्यादित पुरुषोत्तम’ या नावातच त्यांनी आदर्श पुरुषाची ‘मर्यादा’ उलटून दाखवली. शब्द तोच, एका प्रत्ययाने देव्हाऱ्यातून खाली उतरलेला.

६

काही वर्षांपूर्वी वसईतल्या एका वाचनगटात आम्ही ‘ब्र’ वाचली. बहुतेक जणी शिक्षिका, बँकेत काम करणाऱ्या, रोज विरार लोकलने मुंबई गाठणाऱ्या. चर्चा प्रफुल्लाच्या घटस्फोटाभोवतीच फिरत होती. आमच्या ओळखीचे होते ते तेवढेच. एक बाई उशिरापर्यंत गप्प होत्या. आमचे गाव पालिकेत जाण्याआधी ग्रामपंचायतीत त्या सदस्य होत्या. शेवटी त्या इतकेच म्हणाल्या की, सही कुठे करायची ते त्यांना नेहमी दाखवले जाई, कागदात काय आहे ते कधीच नाही. आणि आज इथेही आपण त्यांना ते विचारले नव्हते. त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही.

त्यांच्या बोलण्यात आमच्यावरचा आरोप होता आणि तो खरा होता. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावे तिच्यात आली. गावे पालिकेत जावीत की न जावीत, यावर वसईत मोठे आंदोलन झाले. पाणी, कर, हिरवा पट्टा, गावपण यांवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. गावांबरोबर ग्रामपंचायती गेल्या, तेव्हा त्यांच्यातल्या बायांच्या त्या खुर्च्यांचे, त्या अर्धवट शिकलेल्या कारभाराचे काय झाले, याविषयी माझ्या वाचनात कथा आली नाही, कादंबरी आली नाही. पूर्वेकडच्या पाड्यांवरून भाजी, सरपण, रानातला मेवा घेऊन सकाळी बाजारात बसणाऱ्या बाईशी आपला व्यवहार भावापुरता असतो. ती कदाचित तिच्या गावची पंच असेल. आपण विचारलेले नसते.

‘ब्र’ची खरी किंमत मला इथे वाटते. स्त्रीच्या प्रतिकाराची गोष्ट आपण बोलणारीच्या धैर्यावर मोजतो. ब्र काढायला धैर्य लागते हे खरेच. पण ब्र हे अक्षर आहे, वाक्य नव्हे. त्याच्या पुढचे अक्षर उच्चारायचे तर समोर कोणीतरी थांबलेले असावे लागते; घाई न करणारे, रकाने न आखणारे, मधेच आपली गोष्ट न सांगू लागणारे. प्रफुल्ला हे काम अपुरे करते, चुकतमाकत करते, पण करते. मराठी कथा-कादंबरीत बोलणाऱ्या बाया आता पुष्कळ आहेत आणि त्या हव्यातच. ऐकणाऱ्या बाईच्या वाटेवर मात्र गर्दी नाही.

वाचनगटात आम्ही पुन्हा भेटलो, तेव्हा त्या बाईंना आधी बोलायला सांगितले. त्यांनी सुरुवात पाण्याच्या टाकीपासून केली.